जास्तीची पानं

तंबाखूचं शेंड्याचं पान मास्तरांनी जिभेला लावलं आणि त्यांना काहीच लागलं नाही. कडू नाही, तिखट नाही, नुसता ओला कागद चघळावा तसं. त्यांनी पान उजवीकडे सरकवलं. तिकडे जरा चरचरलं. पण ते पानामुळे की भीतीमुळे, कोण सांगणार?

कारखान्यात नवा माल आला होता आणि सिगारच्या पोटात काय किती घालायचं ते आज मास्तरांना ठरवायचं होतं. समोर तंबाखूचे ढीग. बुडाची पानं पातळ, चटकन पेट घेणारी. ती नसली तर सिगार सारखा विझतो. मधली पानं वासाची. आणि शेंड्याची काळसर, जाड, तेलकट. सगळा कडकपणा त्यांचा. तिथे हात आखडता घेतला तर सिगार पुळचट, आणि सैल सोडला तर ओढणारा खोकून बेजार. हा तोल काट्यावर जोखता येत नाही. तो जिभेलाच कळावा लागतो.

आणि मास्तरांच्या जिभेच्या डाव्या कडेला पांढरा चट्टा होता. थंडीच्या आधी आला होता, जायचं नाव घेत नव्हता. मास्तर डॉक्टरकडे गेले नव्हते; हल्ली आरशाकडे पाठ करून चूळ भरत. आधीच्या मास्तरांना असाच चट्टा आला होता. शेवटी शेवटी त्यांचं बोलणं फक्त त्यांच्या बायकोला कळायचं. हे आठवलं की मास्तर स्वतःचीच समजूत घालत: चहाने पोळलं असेल. दात लागला असेल. आणि जीभ खरंच बिघडली असती, तर सिगार बिघडले नसते का? इतक्या महिन्यांत एका गिऱ्हाइकाची तक्रार नाही. एवढ्या एका गोष्टीला धरून ते दिवस ढकलत होते.

त्यांनी अंदाजाने मिश्रण जुळवलं. थांबले. शेंड्याचं आणखी एक पान घातलं.

मिश्रण पलीकडच्या खोलीत त्यांच्या बायकोकडे गेलं. मास्तरांनी जुळवलेलं सगळं आधी तिच्या हाताखालून जायचं. नमुना ती वळायची, आणि मगच बाकीच्या वळणाऱ्या बायकांना पानं वाटली जायची.

नमुना घेऊन मालक स्वतःच आले. "काय मास्तर, जमलं का?" म्हणत त्यांनी टोक कापलं, काडी ओढली आणि धूर तोंडात घोळवत डोळे मिटले. मास्तरांनी टेबलाची कड धरली. आता खोकणार. आता म्हणणार, हे काय घालून ठेवलंत?

"वा!" मालक म्हणाले. "माल बदलला तरी चव तीच. मास्तर, जिभेला जपा हो. आमचं सगळं तिच्यावर चाललंय."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे जीभ शाबूत होती! चट्टा होता तो नुसता चट्टाच, आज ना उद्या जाईल. त्यांना एकदम भूक लागली, कुणाची तरी थट्टा करावीशी वाटली. ते तसेच पलीकडच्या खोलीत गेले. बाकीच्या बायका जेवायला उठल्या होत्या. त्यांची बायको एकटीच सिगार वळायच्या फळीपाशी बसली होती. त्यांची चाहूल लागताच तिने पायाने काहीतरी स्टुलाखाली सरकवलं.

"काय लपवतेस गं? मला सोडून एकटीच खातेस वाटतं?" हसत हसत मास्तर वाकले आणि त्यांनी टोपली ओढून घेतली.

टोपलीत काळसर, जाड, तेलकट पानं होती. तळातली वाळून चुरा झालेली. वरची अजून ओली होती, आज सकाळचीच.

"हे काय?"

"जास्तीची होती," ती फळीकडे बघत म्हणाली.

"जास्तीची?"

"मी एक सिगार ओढून पाहिला होता. डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हापासून वळायच्या आधी काढून ठेवते."

"तेव्हापासून म्हणजे कधीपासून?"

"तुम्ही जेवताना वरून मीठ घ्यायला लागलात ना, तेव्हापासून."

मास्तरांनी टोपली खाली ठेवली. तक्रार आली नव्हती ती हिच्यामुळे. मालकांची वाहवा हिच्यामुळे. ज्या आधारावर ते इतके दिवस उभे होते, तो या टोपलीत पडला होता. आधीच्या मास्तरांचं ते न कळणारं बोलणं त्यांच्या कानात घुमायला लागलं.

"मग विचारलं का नाहीस?"

"कशी विचारू?" ती म्हणाली. "झोपेतसुद्धा तोंडावर हात धरून असता. मलाही भीती वाटत होती हो."

पलीकडून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. आता त्या येतील. मास्तर खिडकीकडे वळले, उजेडात तोंड धरलं आणि उघडलं.

तिने पुढे होऊन त्यांची हनुवटी धरली. ओठाला लागलेल्या तिच्या अंगठ्याला तंबाखूची चव असणार. त्यांना ती लागली नाही.

"अजून उघडा."

ती बघत राहिली. मास्तर तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, मघाशी मालकांच्या चेहऱ्याकडे बघत होते तसेच. तिने हलक्या हाताने त्यांचं तोंड मिटलं, कमरेचं फडकं सोडून फळीवर टाकलं आणि दाराबाहेरच्या त्यांच्या चपला उचलून त्यांच्या पायांपाशी आणून ठेवल्या.