सारखीच गाठ

१९८८ साली माझ्या यजमानांच्या आणि पोस्टातल्या निजसुऱ्यांच्या घशात सारखीच गाठ निघाली. हे बाजार समितीत कांद्याचे लिलाव पुकारत. निजसुरे तिकिटं देतानाही तोंड उघडत नसत.

दोघांना एकाच मशीनवर किरणांचे सारखेच शेक दिले. निजसुऱ्यांची गाठ विरघळली, ह्यांची हलेना.

"पथ्य मी पाळलं, आणि बरा तो मुका?" हे घोगऱ्या आवाजात डॉक्टरांवर ओरडले.

"गाठी दिसायला सारख्या, पण पेशींचा स्वभाव निराळा. त्यांच्या पेशी शेकानं मेल्या, तुमच्या दाद देत नाहीत. आता स्वरयंत्र काढावं लागेल."

"हे आधी नाही का ओळखायचं?" मी चिडले.

"ओळखता येत नाही, बाई."

ऑपरेशननंतर हे सोळा वर्षं जगले, एका शब्दाविना. निजसुरे अजून आहेत. दिवाळीला फोन केला, की खणखणीत आवाजात "बरं आहे" म्हणतात आणि ठेवून देतात.