राजाच्या नावाचा पेला

पापुनानं प्यायचं शिंग दारूनं भरून वर धरलं आणि अख्खी पंगत गप्प झाली.

पहिला पेला देवाच्या नावाचा झाला होता. आता दुसरा, राजाच्या नावाचा. इमेरेतीच्या राज्यातल्या कुठल्याही लग्नात असंच चालत आलेलं. पण यंदा राजधानीत, कुताइसीत, रशियाच्या झारचं सैन्य येऊन बसलं होतं. राजा रानात लपला होता, शिपाई त्याच्या मागावर होते. आणि समोर नवऱ्या मुलाचा बाप सेख्निया बसला होता. सकाळीच कुठूनसा आलेला, छातीवर झारचं पदक लावून.

पापुना नवरीचा मामा. बापाविना राहिलेल्या मारेखीला त्यानंच लहानाचं मोठं केलं होतं. त्याचा डावा हात राजाच्या लढाईत गेला होता. "राजाच्या नावाला तो पदकवाला उठला नाही," त्यानं आधीच बजावलं होतं, "तर भर पंगतीतून पोरगी परत नेईन." मारेखीला नवरा मुलगा बेझान मनापासून आवडला होता. तिनं घासही घेतला नव्हता.

तेवढ्यात उतारावरून एक मेंढपाळ धापा टाकत आला.

"राजा सुटला! सीमेपार गेला! शिपाई रानात तिथल्या तिथंच फिरत राहिले. त्यांचा वाटाड्याच वाट चुकला म्हणे!"

बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. कुणी हसलं, कुणी रडलं. सेख्नियानं डोळे मिटून लांब श्वास सोडला.

पापुनाचं शिंग अजून वरच होतं. राजा वाचला होता. राज्य मात्र गेलं होतं.

"भावाभावांनी मोठं राज्य घरासारखं वाटून घेतलं, तेव्हा आपलं हे राज्य उभं राहिलं," तो सावकाश म्हणाला. "एवढंसं. तुर्क आले, गेले. आपण आपसात भांडलो, भांडणातून सवड मिळाली की द्राक्षं लावली. मजेत जगलो. आज ते संपलं."

मेलेल्या माणसासाठी ओततात तशी त्यानं थोडी दारू भाकरीवर ओतली. सगळे उभे राहिले. सेख्नियाही.

"जपून, व्याही," पापुना म्हणाला. "पदकावर डाग पडेल."

सेख्नियानंही आपल्या पेल्यातली दारू भाकरीवर ओतली. तशी मारेखीनं सगळ्यांदेखत बेझानचा हात धरला.

"बरं, उठलात. पोरगी तुमची झाली," पापुना गुरगुरला. "पण पुढचा पेला त्या वाटाड्याच्या नावाचा. कोण कुठला, देव जाणे. भेटला तर या एका हातानं त्याला शिंग भरून पाजीन."

सेख्नियानं दोन्ही हात पुढे केले.

"भरा मग. रान तुडवून तुडवून पायांचे तुकडे पडलेत माझ्या."