चेहऱ्याचं कुलूप

राजापेठेत ब्लाऊज शिवून रागिणीनं ओव्हरलॉक मशीनसाठी चाळीस हजार जमवले होते. गावाकडं दोन वर्षं कपाशी बुडाली, तरी त्या पैशांना तिनं हात लावला नाही. नवरा, नितेश, मागून डोकावून पिन बघायचा, म्हणून तिनं बँकेच्या ॲपला चेहऱ्याचं कुलूप लावून घेतलं.

परवा सकाळी ती शिवत बसली होती, तेव्हा तो तिचाच फोन घेऊन समोर आला.

"इकडं पाय, तुया फोटो काढतो."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण असं तो कधीच म्हणाला नव्हता.

"थांबा, केस तं नीट करू द्या," म्हणत ती लाजून हसली.

"हालली तू. आखीन एक डाव पाय."

संध्याकाळी तो जुनी बुलेट घेऊन दारात आला. रागिणीनं घाईघाईनं ॲप उघडलं. खात्यात दोनशे रुपये उरले होते. फोनमध्ये सकाळचा फोटो एकही नव्हता.

"नवरा-बायकोत कायची चोरी?" नितेश हसत म्हणाला.

रागिणीनं त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

"माया तोंडानं पैसे काढले ना तू? आता तुयं तोंड मले दाखवू नको."