कोंडवाड्यातला लाल कंधारी

बहात्तरच्या दुष्काळात वैरण संपली, तेव्हा साखरा गावच्या जळबानं आपला लाल कंधारी बैल दूर रानात नेऊन सोडला. बैल फिरून फिरून मागं येत होता, म्हणून शेवटी त्यानं दगडं मारून त्याला हुसकावला.

पुढच्या वर्षी आखाडा बाळापूरला कोंडवाड्यातल्या बेवारस जनावरांचा लिलाव होता. तिथं तोच बैल उभा दिसला आणि जळबा गर्दीच्या मागं सरकला. बैल घ्यायचा तर होता. पण ओळख दाखवून बैल चारचौघांत हंबरला, तर मुक्या जनावराला उपाशी सोडणारा कोण, हे साऱ्यांना कळणार होतं.

"काहून तोंड झाकून राहिला, जळबा?" गावच्याच अमृतरावानं विचारलं.

"धुराळा लई हाय," उपरणं नाकावर ओढत तो पुटपुटला.

गर्दीच्या मागून, आवाज बदलून त्यानं बोली लावली. लिलाव त्याच्याच नावावर सुटला. तो बैलापुढं गेला. बैल हंबरला नाही, जागचा हललाही नाही. जळबाचा जीव भांड्यात पडला.



जमिनीवर पडलेलं दावं उचलायला तो खाली वाकला, तसं बैलानं अंग चोरलं आणि डोळे गच्च मिटून घेतले.