पंधरा दिवसांची सुट्टी

पाण्याच्या टाकीमागे सोमली पुन्हा रडत होती. चालीत रडत होती, एकच ओळ पुन्हा पुन्हा.

हेमावतीबाईंनी तिला हाताला धरून आपल्या खोलीत आणलं. नवनगरच्या त्या शाळेत त्या गणित शिकवत; सगळे त्यांना 'अक्कोरे', म्हणजे बाई, म्हणत. गेल्या वर्षी, ब्याऐंशीत, बंगळूरला महिनाभराचं प्रशिक्षण घेऊन आल्यापासून मुलांच्या अडचणी ऐकण्याचं कामही त्यांच्याकडे आलं होतं.

"घरी कुणी मारलं का? कुणी वारलं का गं?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

तेरा वर्षांची सोमली खाली बघत म्हणाली, "मला अजून नीट रडायला येत नाही, अक्कोरे."

दुःख आत अडकलंय, बाईंना वाटलं. प्रशिक्षणात हेच सांगितलं होतं. पोरीला आईजवळ राहू द्यावं. त्यांनी पंधरा दिवसांची सुट्टी लिहिली आणि तिच्या घरी, लमाणांच्या तांड्यावर, निरोप धाडला.

दुपारी तिचा बाप थावरू आला. कागद बघून त्याने हात जोडले. "मी मागणारच होतो, अक्कोरे. तुम्ही आधीच दिलीत."

दोघं गेली. बाईंना बरं वाटायला हवं होतं. वाटेना. त्यांनी खिडकी उघडली, लावली, परत उघडली.

शिपाईण सखूबाई चहा घेऊन आली. "सोमलीला सोडलंत? तिचं लगीन ठरलंय की."

"लग्न? अगं, ती तर रडत होती."

"आमच्यात नवरी रडत रडत गाणं म्हणून निरोप घेती. थोरल्या बायका आधी शिकवून ठेवतात."

"आमच्यात?"

"मी तांड्यातलीच, अक्कोरे. दहा वर्षं झाली हितं. तुम्ही कधी विचारलं न्हाई."

चहा तसाच राहिला. बाई जवळजवळ पळतच रस्त्यावर आल्या. बसथांब्यावर बापलेक अजून उभे होते.

"सुट्टी रद्द," त्या धापा टाकत म्हणाल्या. "लहान आहे ती. शिकू दे तिला."

थावरूने कागदाची घडी उलगडली. "सही तुमचीच हाय की."

 मागून आलेली सखूबाई त्याच्याशी तांड्याच्या बोलीत बोलू लागली. आवाज चढले.

"काय म्हणतोय तो?" बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"थांबा जरा. आधी पोरीला विचारू दे."

सखूबाईने सोमलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी विचारलं. वर्गात एका वेळी दोन वाक्यं न बोललेली पोरगी बोलू लागली. बाईंना एकही शब्द कळत नव्हता. कळतंय असं त्यांनी दाखवलंही नाही.

बस आली, थांबली. कंडक्टरने वाट बघून घंटी मारली. बस गेली.

थावरू रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला होता. सोमली अजून बोलतच होती.