लांब मानेची मोटर

"दादा, मला करू दे की."

हातात पाना घेतला की फिटरला हा आवाज ऐकू यायचा. धाकटा भाऊ तेव्हा एवढासा होता. इंजिनापाशी उकिडवा बसायचा आणि हेच टुमणं लावायचा. फिटर हसून त्याच्या हातातला पाना काढून घ्यायचा. बोट चिमटेल रे, म्हणायचा. पुढे धाकट्याला मिसरूड फुटलं, पण पाना काही त्याच्या हातात आला नाही. आईबापांच्या माघारी फिटरनं त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. काय खायचं, कुठे जायचं, कुणाशी बोलायचं, सगळं फिटर बघायचा. धाकट्याला कशाची तोशीस म्हणून लागू दिली नाही.

आता तो धाकटा दलदलीत होता.

मागच्या हिवाळ्यात त्याची होडी वस्तीलगतच्या तळ्याच्या पलीकडच्या अंगाला रिकामी सापडली. आत आडवं पडलेलं वल्हं, बाकी काही नाही. तिथून पुढे लव्हाळ्यांचं रान, वर गुडघाभर पाणी आणि खाली थांग न लागणारा चिखल. वल्हं मारावं तर ते रुतायचं. साधी मोटर लावावी तर शेवाळ पंख्याला गुंडाळून ती बंद पडायची. पायी उतरण्याचं तर नावच नको. वस्तीतल्या लोकांनी काठावरून घसा बसेपर्यंत हाका मारल्या. मग जो तो हळूहळू आपापल्या कामाला लागला.

फिटर लागला नाही. त्यानं चिखलात चालणारी मोटर घरीच करायला घेतली. पाण्याच्या पंपाचं जुनं इंजिन, त्याला जोडलेली पुरुषभर लांब नळी, नळीतून फिरणारा दांडा आणि टोकाला जाड पत्र्याचा पंखा. पंखा पाण्यात खोल जायचा नाही. तिरपा टेकून चिखल उडवत, लव्हाळी कापत होडीला पुढे ढकलायचा. ती लांब मान बघून वस्तीनं तिचं नाव बगळा ठेवलं. सुटे भाग कातून देणारा लेथवाला म्हणाला, बाकीचे बगळे मासे धरतात, तुझा नुसता धूर धरतोय. फिटरला हसू आलं नाही. भावाचं जे काही उरलं असेल ते कोरड्या जमिनीवर आणायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. तोवर त्याला घास गोड लागत नव्हता.

बायको हाताशी असायची. तिच्याकडे एकच काम, नळीत ग्रीस ठासायचं. बाकी कशाला तो कुणाला हात लावू देत नसे. पण मोटरचा सगळा जीव याच कामात होता. नळी आतून ग्रीसनं गच्च भरलेली हवी. नाहीतर दांडा ज्यांत फिरतो ते पितळी बुश कोरडे घासतात, तापतात आणि दांडा जाम होतो. ती काठीला चिंधी गुंडाळून मुकाट्यानं ग्रीस भरायची. अलीकडे ती बोलेनाशीच झाली होती. दिराच्या दुःखानं आटली बिचारी, असं फिटरला वाटायचं.

मागच्या अंगणात पिंपात चिखल कालवून तो मोटर चालवून बघायचा. ती जोरात सुरू व्हायची, चिखल भिंतीवर उडायचा आणि त्याचा चेहरा उजळायचा. मग नळीतून किंकाळीसारखा आवाज निघायचा. जळका वास यायचा. सगळं थांबायचं. बुश बदलले, तरी तेच. त्यानं लेथवाल्याला पितळेवरून नाही नाही ते ऐकवलं. आपल्याच हातातलं कसब संपलं, असंही त्याला वाटू लागलं. एकदा तर पिंपाला धरून तो लहान मुलासारखा रडला. बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. राहू द्या ना आता, म्हणाली. त्यानं मान हलवली आणि पुन्हा नळी खोलायला बसला.

आज दुपारी दांडा असा काही अडकला की निघता निघेना. नळीच मधोमध कापावी लागली. करवत आरपार गेली, दोन तुकडे झाले, दांड्याचे अर्धे त्यानं ठोकून बाहेर काढले. फिटरनं एक तुकडा उजेडाकडे धरून डोळ्याला लावला.

नळीच्या तोंडाशी बोटभर ग्रीस होतं. आत काहीच नव्हतं. त्यानं बोट घालून पाहिलं. बोटाला गंज लागला.

बायको दारात उभी होती. तिनं मान खाली घातली नाही. फिटर रागावलाही नाही. त्याला सगळं कळल्यासारखं वाटलं. एक गेला, आता दुसराही चिखलात जाईल, या भीतीनं बाईनं हे केलं. त्यानं तिला जवळ बसवलं, समजूत घातली. मला काही होत नाही, म्हणाला. दोर बांधून जातो, काठावर माणसं ठेवतो. घरात दुसरा दांडा आणि दुसरी नळी होती. ती काढून त्यानं स्वतः ग्रीस भरायला घेतलं, चेपून चेपून, तोंडातून बाहेर येईस्तोवर. उद्या उजाडलं की होडी सोडणार, म्हणाला. त्याला घेतल्याशिवाय परत येणार नाही.

ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नका जाऊ. भाऊजी तिथे नाहीत."

फिटरचे हात थांबले.

"होडी त्यांनीच लोटून दिली, रिकामी. मी काठावर उभी होते. मग ते रस्त्याला लागले." ती थांबली नाही. "मला शपथ घालून गेलेत. म्हणाले, जिवंत आहे कळलं तर दादा शोधून आणेल. मेलो म्हटल्यावर तरी पाठ सोडेल."