पऱ्हाटीतला उजेड

अमडापूरच्या त्या वावरातली बीटी कपाशीची पऱ्हाटी बोंडअळीनं पार पोखरली होती. उद्या ती उपटणार, म्हणून मावळतीचं चित्रण आजच उरकायचं होतं. सूर्याचा गोळा पांढराफटक पडू नये म्हणून अंजुम कॅमेऱ्यात येणारा उजेड कमी कमी करत गेली. पडद्यावर सगळं वावर काळं झालं.

खाली मान घालून कापूस वेचणाऱ्या बाईचा चेहरा मात्र लख्खच राहिला. ऊन तर तिच्या पाठीमागून येत होतं.

“बेबीताई, जरा बाजूला सरका!” अंजुम ओरडली.

“मी तं हे इथं उभी हाय ना, माय,” वावराची मालकीण अंजुमच्या अगदी पाठीमागून बोलली. “वावरात आता कोनी नाही.”

अंजुमनं घाईघाईनं लेन्सवर झाकण चढवलं. पडद्यावरचा सूर्य विझला.

चेहरा तेवढा राहिला, आणि त्यानं वेचता वेचता मान वर केली.